पावरीला पुंगी म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा : धुळे-नंदुरबारच्या साक्री-नवापूर पट्ट्यातले, पावरी हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे वादक टीव्हीवर कायम 'जंगलातले गारुडी' म्हणूनच का दिसतात, आणि ते हे कसं हाताळतात?

भोपळा आणि दोन नळ्या दिसल्या की शहरातल्या माणसाला पुंगी आठवते. पावरी मात्र डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षात वाजते, सापाच्या खेळाशी तिचा काही संबंध नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं सापाचे खेळ बेकायदा आहेत, म्हणजे 'गारुडी' ही पट्टी वादकाला उगाच संशयात ढकलते.

खरी लढाई कॅमेरा सुरू होण्याआधीच असते. संपादकाकडे नुसतं पिसं लावलेल्या वादकाचं दृश्य गेलं की तो त्यावर वाटेल ते बोलतो. म्हणून जाणते वादक आधी वाद्य हातात धरून भोपळा, नळ्या, मेण, टोकाचं शिंग दाखवतात आणि पहिल्याच वाक्यात म्हणतात, "ही पावरी." वाक्य छोटं ठेवायचं, लांब असलं तर कापलं जातं. वाद्य, गाव, प्रसंग ठळक अक्षरांत कागदावर लिहून त्याचाही एक शॉट घ्यायला लावायचा, कारण बातमीदाराच्या खिशातली चिठ्ठी हरवतेच! "कमरेला पाला बांधा" म्हटलं तर सरळ सांगायचं, "उत्सवाला जे घालतो तेच घालीन."

आवाजाकडे कुणी बघत नाही, पण अर्धा घोळ तिथेच होतो. माइक शिंगाच्या तोंडाशी धरला तर आवाज फाटतो, कॉलर माइकमध्ये श्वासच जास्त येतो. असा आवाज मिळाला की संपादक खुशाल बीनचा, म्हणजे पुंगीचाच, ट्रॅक चढवतो. माइक दोन-तीन फूट बाजूला ठेवायचा आणि एक मिनिट सलग रेकॉर्डिंग मागायचं. भर उन्हात मात्र वाजवू नये. मेण मऊ पडतं, जोडातून हवा निसटते आणि सूर उतरतो.

तरीही चुकीचं दाखवलं, तर आधी क्लिप तारीख-वेळेसह जपून ठेवा. वाहिनीकडे लेखी तक्रार करा : नियमाप्रमाणे पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. वृत्तपत्र असेल तर आधी संपादकाला पत्र द्या. दखल घेतली नाही, तर दैनिकाबाबत प्रेस कौन्सिलकडे (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) दोन महिन्यांच्या आत जाता येतं. पत्रात 'भावना दुखावल्या' नको. 'अमुक मिनिटाला पुंगी म्हटलं, ते वाद्य पावरी आहे' एवढंच लिहा.