पाच एकर स्वस्तात, पण पाणी कुणाचं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातून, ऑरोराहून एका जोडप्याचं पत्र आलंय. दोघंही आयटीत, मुलगी सात वर्षांची. त्याच राज्यातल्या कॉस्टिया काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) पाच एकर जमीन एका जुन्या गाडीच्या किमतीत मिळतेय. तिथे छोटं घर बांधायचं, भाजी लावायची, कोंबड्या आणि दोन शेळ्या पाळायच्या; यालाच तिकडे होमस्टेडिंग म्हणतात. विचारतात, "ही काउंटी होमस्टेडिंगला चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं?"

पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. हा हिशेब डोक्यात आला की आपला माणूस विरघळतो, मला ठाऊक आहे. त्यातून तिकडे शेतकरी असल्याचा दाखलाही कुणी मागत नाही. पण आपल्या दुष्काळी गावांत सोयरीक जमवताना मुलीचा बाप आधी काय बघतो? पाणी किती लांबून आणावं लागतं ते. तुम्हीही एकराचा दर बाजूला ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा.

कॉस्टिया काउंटी सॅन लुईस खोऱ्यात येते. खोऱ्याचा तळच साडेसात हजार फुटांवर, आणि त्या सपाटीवर वर्षाचा पाऊस जेमतेम ७-८ इंच, म्हणजे २०० मिलिमीटरच्या आसपास. माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो. तिथे याच्या दुप्पट पडतो.

मग बोअर मारू, असं म्हणाल. कोलोरॅडोत जमीन तुमच्या नावावर झाली म्हणून तिच्याखालचं पाणी तुमचं होत नाही. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी, असा तिथला कायदा. सॅन लुईस गावातल्या 'पीपल्स डिच' या पाटाचा हक्क १८५२ सालचा आहे, राज्यातला अखंड चालत आलेला सर्वांत जुना. (गावाने मिळून पाट राखायचा आणि पाणी वाटून घ्यायचं, ही पद्धत बघून धुळ्याकडचे फड आठवतात. जमीन घ्या न घ्या, तो पाट बघून या.) त्या रांगेत तुम्ही आज उभे राहणार, म्हणजे अगदी शेपटाला. म्हणूनच ३५ एकरांहून लहान तुकड्यावर बोअरचा परवाना मिळतो तो सहसा फक्त घरातल्या वापराचा. मोरीला पाणी चालेल. वाफ्याला नाही, गोठ्याला नाही.

छतावरचं पाणी साठवायला घरांना २०१६ साली मुभा मिळाली, तीही दोन पिंपांची, मिळून ११० गॅलन. चारशे लिटरांत काय भागणार? बाहेरून आणायचं म्हटलं, तर २७५ गॅलनची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टनावर जातं. ते जानेवारीत बर्फातून ओढून आणायचं चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. राज्याच्या जलसंपदा खात्याच्या संकेतस्थळावर शेजारपाजारच्या बोअरचे परवाने बघता येतात: खोली किती, पाणी किती लागलं, वापर कोणता. एक रविवार त्यात घालवा.

पिकाचं थोडक्यात सांगते. दहिवराशिवायचे, म्हणजे पीक गारठून न जाणारे दिवस जेमतेम तीन महिने. खोऱ्यात बटाटा उत्तम होतो, पण सिंचनावर. भेंडी-वांग्याची हौस असेल तर काचघर बांधावं लागेल. मातीचा नकाशा अमेरिकी कृषी खात्याच्या 'वेब सॉइल सर्व्हे'वर फुकट मिळतो.

आता कागद. लिलावात विकली जाणारी स्वस्त जमीन पुष्कळदा 'क्विटक्लेम' खरेदीखताने देतात. त्यात विकणारा एवढंच म्हणतो की माझा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला. असेलच याची हमी देत नाही. सातबाऱ्यावरचे 'इतर अधिकार' न वाचता कुणी गावाकडे जमीन घेतं का? इथेही मालकी हक्काचा विमा, खनिज हक्क आणि वहिवाटीचा रस्ता तपासा. नकाशावरच्या रेघेवर गाडी जातेच असं नाही.

त्यानंतर काउंटीच्या जमीन-वापर कार्यालयात फोन करून तीन प्रश्न विचारा: सेप्टिक टाकीचा परवाना कसा मिळतो, घर होईपर्यंत आरव्हीत (राहायची सोय असलेल्या गाडीत) किती दिवस राहता येतं, आणि रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं. पहिल्या दोन मुद्द्यांवरून २०१५ मध्ये याच काउंटीत नवे रहिवासी आणि प्रशासन यांच्यात चांगलंच पेटलं होतं. मुलगी लहान आहे, तेव्हा शाळेची बस कुठवर येते हेही विचारा.

तुमचा व्हिसा कोणता ते पत्रात नाही. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) जमीन घेता येते, पण अंडी-भाजी विकायला सुरुवात करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. आणि ग्रीनकार्ड नसेल तर शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत कृषी खात्याला कळवावं लागतं. एकूण जमीन १० एकरांपर्यंत आणि शेतमालाची वर्षाची विक्री १,००० डॉलरपर्यंत असेल तर सूट आहे. न कळवल्यास जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर सुट्टीत तारे बघायला ती जागा झकास, पण तुमच्या यादीसाठी नाही. पाऊसपाणी हवं असेल तर मिझुरीचा ओझार्क भाग बघा. पाऊस ४० इंचांच्या वर, मात्र माती पातळ आणि दगडगोटे फार. तरीही मन कॉस्टियातच अडकलं असेल, तर फेब्रुवारीत जा आणि दोन रात्री मुक्काम करा. तोवर मुलीला शेळ्यांचं काही बोलू नका.