शेजारच्या वहिनींना गोळ्या, मग भावाला सुई का?

प्रश्न : माझा भाऊ तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. लग्नातली अंगठी बोटात रुतली, कोल्हापुरी चपलेचं माप वाढलं, तेव्हा पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ कळली. नाकातून ऑपरेशन झालं, थोडी गाठ उरली. आता महिन्याला महागडी सुई. शेजारच्या वहिनींची पिट्युटरीचीच गाठ नुसत्या गोळ्यांवर आटोक्यात आली. असं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, गाठीची जागा एकच, पण पेशी वेगळ्या. वहिनींची गाठ बहुधा प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणारी असावी. तिच्या पेशींवर डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे बसतं त्या जागा, भरपूर असतात, म्हणून डोपामाइनसारखंच काम करणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळीने ती आकसते. तुमच्या भावाची गाठ ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं हार्मोन, सोडते. निरोगी माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं की हे हार्मोन खाली येतं. अशा रुग्णात ते पुरेसं उतरत नाही, काहींत तर उलट वाढतं. ते रोखणारं शरीरातलं रसायन म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. त्याचे रिसेप्टर ५ प्रकारचे. या गाठींवर मुख्यतः २ आणि ५ नंबरचे सापडतात. सोमॅटोस्टॅटिनसारखंच काम करणारी ऑक्ट्रिओटाइडची सुई प्रामुख्याने २ नंबरवर बसते. ते कमी असतील तर गुण कमी येतो, म्हणून काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर ही तपासणी झाली होती का, हे जरूर विचारा. कॅबरगोलिन इथेही कधी जोडीला देतात, विशेषतः आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे रक्तात वाढणारं हार्मोन) थोडंसंच वाढलेलं असेल तर.

खर्चाचा घोर मला समजतो. तरी अंगठी सैल झाली म्हणून सुई परस्पर थांबवू नका. आयजीएफ-१ बघूनच डॉक्टरांना ठरवू द्या. आणि तो रात्री जोरात घोरत असेल तर तेही त्यांना सांगा, शुगर व बीपी तपासून घ्या.