चकमक उडते, एन्काऊंटर करतात

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय की 'एन्काऊंटर झाला' बरोबर का 'एन्काऊंटर झालं', आणि पेपरवाले त्याला 'चकमक' लिहितात ते योग्य आहे का. ताई, दुसऱ्या प्रश्नावर मी कित्येक वर्षं दात खाऊन बसलोय, त्यामुळे तो आधी.

परवा रविवार कारंजावर चहा पीत होतो, शेजारचे काका बातमी वाचता वाचता म्हणाले, "असल्यांचा एन्काऊंटरच केला पाहिजे." पेपरात छापलेलं काय, तर 'चकमकीत ठार'. आता बघा, चकमक कधी कोणी करत नाही, ती उडते, झडते, फार तर होते, आणि कोणाशी तरी होते. 'पोलिसांनी त्याची चकमक केली' असं शाळेतलं पोरगं पण बोलणार नाही. एन्काऊंटर मात्र 'त्याचा' करतात, जसा भुगा करतात, चुरा करतात. म्हणजे एन्काऊंटर झाल्यावर पेढे वाटणारा माणूस 'चा' म्हणतो, पोलिसांची प्रेसनोट 'शी' म्हणते, आणि पेपरवाला प्रेसनोट छापतो. त्यात पुन्हा 'चकमकफेम अधिकारी'! अरे, सिरीयलमधली नटी 'अमुक फेम' असते तसा हा चकमकीचा फेम, आणि समोरचा कोण होता ते कोणाला आठवत पण नाही.

चकमक म्हणजे भांडण, विधानसभेतली शाब्दिक चकमक वगैरे तुम्हाला माहितीये, ते सोडा. शब्द तुर्की आहे. 'चाक' म्हणजे ठोक, आणि 'मक' हा नुसता प्रत्यय, आपल्या 'करणं'मधल्या 'णं'सारखा. तुर्कीत आजही खिळा ठोकायला 'चिवी चाकमाक' म्हणतात आणि सिगरेटच्या लायटरला नुसतं 'चाकमाक'. म्हणजे चकमक हा शब्द सोलून काढला तर आत काय निघतं? 'ठोकणं'! आपल्याकडे कट्ट्यावरची पोरं 'काल त्याला ठोकला' म्हणतात ना, ती बिचारी नकळत शुद्ध तुर्की भाषांतर करतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं होतं. (तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.)

आमच्या ग्रुपवर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचं म्हणणं हा शब्द देशीच, चकचक, चमक, झगमग ह्यांच्या घरातला. मास्तर, उर्दूवाले ह्या शब्दातले दोन्ही 'क' घशातून काढतात, नुक्त्यासकट (नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब). झगमगला नुक्ता लागतो का? दिसायला सारखा म्हणून भाऊ, असं ठरवायला ही काय जत्रेत हरवलेल्या पोरांची गोष्ट आहे? त्यावर त्यांनी दुसरा बाण काढला, की अर्थ जर 'ठोकणं' असेल तर मग ते एकतर्फीच झालं, म्हणजे पेपरवाले बरोबर! हा मुद्दा खरंच चांगला होता, मला दोन दिवस लागले.

उत्तर आमच्या आजोबांच्या चंचीत सापडलं. आजोबा सिन्नरचे, विड्या वळायचे आणि तेवढ्याच ओढायचे पण. चंचीत पान-तंबाखूच्या शेजारी पोलादाचा एक वाकडा तुकडा, शेतात सापडलेली गारगोटी आणि सावरीचा कापूस, ह्या विस्तव पाडायच्या सामानालाच चकमक म्हणायचे. कापूस गारेवर अंगठ्याने दाबायचा, वरून पोलाद तिरकं घासून मारायचं, दोन-तीन फटक्यांत कापसाला धग धरायची. ठिणगी दगडातून निघते असं आपण समजतो, पण तसं नाही, गार कठीण असते, ती पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढते आणि तो कण तापून लाल होऊन उडतो. ठोकणारा एकच, कबूल, पण समोर तेवढीच कठीण गार नसेल तर काही उडत नाही. भाकरीवर पोलाद आपटून बघा. चकमकीला दोन पाहिजेत ते असे, मास्तर. ह्यावर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, 'सुप्रभात'ची फुलं मात्र येतायत.

आता माझी स्वतःची थिअरी, मान्य करा नका करू. लढाईचा अर्थ चंचीतून आलेला नाही, बंदुकीतून आलाय. आधी तोड्याची बंदूक होती, पेटती वात लावायची, मग गारेची आली. फारसीत बंदुकीच्या घोड्यालाच 'चखमाक' म्हणतात! म्हणजे घोडा पडला, ठिणगी उडाली, समोरूनही उडाली, झाली चकमक. इतकं सरळ आहे.

मग घडलेल्या गोष्टींना हे लावून बघा. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने म्हटलं की गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत मेला, पोलीस म्हणाले त्याने पिस्तूल हिसकावलं, बाहेर 'बदला पुरा'चे पोस्टर लागले. (बदल आणि बदला दोन्ही एकाच अरबी मुळातले, अदलाबदल करणं एवढाच मूळ अर्थ. बदलापूरला म्हणे पूर्वी घोडे बदलायचे. पोस्टरवाल्याला हे सांगायला पाहिजे होतं.) दोन दिवसांनी हायकोर्टच म्हणालं की ह्याला एन्काऊंटर म्हणता येणार नाही. शब्दचर्चा आता कोर्टात पण चालते, बरं वाटलं. बरोबर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ ला, सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की अशा प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास व्हावा आणि शौर्य निःसंशय ठरेपर्यंत पदकं-बढत्या देऊ नयेत. तपासाआधी पेपरने 'चकमकीत ठार' लिहिलं की निकाल लागून मोकळा. 'पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू' लिहा ना, एकच शब्द जास्त जाईल.

आणि टीव्हीवरच्या 'कंठस्नान'बद्दल तर विचारूच नका. आमची आजी गोदेवर डोकं न भिजवता गळ्याखालून अंघोळ करायची त्याला कंठस्नान म्हणायची.

हां, झाला का झालं. नाशकात मी तरी 'झाला'च ऐकतो. गंमत अशी की बँकेचं काउंटर नपुंसक, 'काउंटर बंद झालं', मग एन्काऊंटर पुरुष कसा? मला विचाराल तर तो काउंटरच्या ओळीत बसलाच नाही. 'खून केला', 'खात्मा केला', 'गेम केला', ह्यांच्या ओळीत जाऊन बसला.