नागपूरच्या उन्हाळ्यात मॉडेल कारला स्प्रे केलेला रंग खरखरीत का होतो?

कॅन खराब नाही, मे महिना खराब आहे. 44-45 अंशांत रंगाचे थेंब बॉडीपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत वाळतात आणि वर रवा सांडल्यासारखे बसतात. सकाळी सहाच्या आत उरकायचं, कॅन वीतभर अंतरावर धरायचा, पातळ थर द्यायचे. आधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुतलीत ना? साच्याचा तेलकटपणा राहिला की रंग धरतच नाही.

आणि कूलरसमोर तर अजिबात नको! माझी 1969 ची डॉज चार्जर, 1/25 स्केलची (म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी), जेमतेम 21 सेंटीमीटर, मी कूलर लावून काळी रंगवली. दमट हवेने छतावर पांढुरकी साय धरली, अगदी दुधाच्या पातेल्यासारखी. थिनरचा हलका फवारा मारल्यावर बरीचशी गेली, बाकीची अजून दिसते.

तुमची खरखर पूर्ण वाळल्यावर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. दाराच्या कडा आणि उठावाची अक्षरं मात्र सोडून द्या, तिथला रंग दोन घासांत उडतो. नंतर पुन्हा एक थर. खाली इनॅमल (हळू वाळणारा तेलरंग) असेल तर वर लॅकर (जहाल थिनरचा, झटपट वाळणारा रंग) मारू नका, सुरकुत्या पडतात.