प्रत्यर्पण : देणारा कोण, घेणारा कोण?

‘एक्स्ट्राडिशन’, म्हणजे एका देशाने मागितलेला आरोपी दुसऱ्या देशाने त्याच्या हवाली करणं; मराठीत प्रत्यर्पण. या शब्दावर मागच्या वेळी दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. त्यातले काही घेतो.

वर्तमानपत्रात ‘प्रत्यार्पण’ छापतात, शब्दकोशात ‘प्रत्यर्पण’ सापडतं. मुलांना काय सांगू? (शिक्षिका, पंचवटी)

प्रत्यर्पणच सांगा. प्रति अधिक अर्पण. ‘ति’मधल्या इ-पुढे अ आला की इ-चा य होतो; तिथे आ यायचं कारणच नाही. ‘प्रत्यारोपण’ मात्र बरोबर, कारण मूळ शब्दच आरोपण. तो कानात बसलेला असतो, म्हणून हात घसरतो. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ एकाकडे टायपिंगला दिलेल्या माझ्या अनुवादात ‘आरोपीचे प्रत्यारोपण’ होऊन आलं होतं. मूत्रपिंडाऐवजी अख्खा माणूस! सही करायच्या आधी दिसलं म्हणून बरं.

इंग्रजी शब्दातलं ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा ना? आणि वाक्यात तो कसा वापरायचा? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सिन्नर)

जादा नाही. फोड एक्स आणि ट्रॅडिशन अशी करा. लॅटिनमध्ये ‘ट्राडिशिओ’ म्हणजे सोपवणं. पिढीने पिढीच्या हाती सोपवलेली ती ट्रॅडिशन, आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. ‘एक्स्ट्राडाइट’ हे क्रियापद नामावरून मागाहून पाडलेलं आहे.

वापराची खरी मेख इथे आहे : हे क्रियापद देणाऱ्याचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेने भारताकडे ‘एक्स्ट्राडाइट’ केलं. भारताने केलं नाही. भारताने मागणी केली आणि ताबा घेतला. ‘भारताने राणाचे प्रत्यर्पण केले’ हे वाक्य म्हणजे मुलीच्या बापाऐवजी जावयानेच कन्यादान करण्यासारखं. ‘करून घेतले’ किंवा ‘मिळवले’ म्हणा.

आपल्या ‘प्रति’मुळे ‘परत’ असा भास होतो, तोही फसवा. राणा पाकिस्तानात जन्मलेला, कॅनडाचा नागरिक. त्याचं भारतात ‘परत’ येणं कुठलं!

मग डिपोर्टेशन आणि आपलं तडीपार? (दुकानदार, मेनरोड)

डिपोर्टेशन म्हणजे परक्या माणसाला आपल्या देशातून घालवणं. त्याला कुणी मागितलेलं असावंच लागत नाही. २०१५ मध्ये मुंबईचा गुंड छोटा राजन याला इंडोनेशियाने भारतात धाडलं ते कागदोपत्री डिपोर्टेशन होतं. तडीपारी तर घरचीच : महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, जास्तीत जास्त दोन वर्षं.

सावरकरांना फ्रान्सने ब्रिटिशांच्या हवाली केलं, ते प्रत्यर्पण होतं का? (निवृत्त गृहस्थ, भगूर)

सावरकरांच्या जन्मगावाहून, भगूरहूनच हा प्रश्न यावा, हे आवडलं. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, आणि त्या प्रकरणाचे धागे लंडनमध्ये असलेल्या सावरकरांपर्यंत गेले. त्यांना तिथून हिंदुस्थानात पाठवण्याचा हुकूम झाला तो १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली. लंडन आणि मुंबई एकाच साम्राज्यात, त्यामुळे त्याला प्रत्यर्पण म्हणत नसत.

८ जुलै १९१० ला मार्सेल्सला ‘मोरिया’ बोटीतून त्यांनी उडी टाकली आणि किनारा गाठला. आता जमीन फ्रान्सची. इथून पुढे प्रत्यर्पणच हवं होतं : मागणीपत्र, चौकशी, फ्रेंच सरकारचा निर्णय. झालं काय? किनाऱ्यावरच्या फ्रेंच पोलिसाने त्यांना धरलं आणि काही मिनिटांत बोटीवर नेऊन ब्रिटिशांच्या हवाली केलं. देणारा होता, घेणारा होता. द्यायचा अधिकार मात्र त्या पोलिसाला नव्हता. फ्रान्सने माणूस परत मागितला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा : देण्यात अनियमितता झाली खरी, पण तेवढ्यावरून ब्रिटनने कैदी परत करायला हवा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा झालेल्याही होत्या. मला विचाराल तर लवादाने चूक मान्य करून चुकीचं फळ ब्रिटिशांच्या पदरात राहू दिलं.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला जन्मठेप झाली, तर २५ वर्षांची चर्चा का? (वाचक, जेलरोड)

तुमच्या शेजारच्याच कारागृहात त्याला २०२४ मध्ये आणलं, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. पोर्तुगालने त्याला २००५ मध्ये दिलं ते भारताच्या लेखी हमीवर : फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही. देणारा अटी घालू शकतो आणि घेणाऱ्याला त्या पाळाव्या लागतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हेच सांगितलं. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यातही आहे की, ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला तो सोडून आधीचा भलताच गुन्हा काढून त्याच्यावर खटला चालवायचा नाही; देणाऱ्या देशाची संमती असेल तर गोष्ट वेगळी.

आमची मोटारसायकल चोरून पोरगा सुरतेला पळाला. गुजरात पोलिसांकडून प्रत्यर्पण लागेल का? (अंबड)

नाही हो! देश एकच आहे. आपले पोलीस तिथे जाऊन अटक करतील, सुरतेच्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला इकडे आणायची परवानगी घेतील आणि सापुताऱ्यामार्गे आणतील. गाडीची पावती तेवढी शोधून ठेवा.