ॲम्प घरी, गिटार स्टेजवर

प्रश्न : काका, आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, वाढदिवस, गणपती, जे मिळेल ते. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. ॲम्प (ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी) २२ किलोचा आणि माझ्याकडं मोटारसायकल, त्यामुळं निम्मं मानधन रिक्षात जातं. गेल्या महिन्यात ॲम्प घरीच ठेवून गिटार सरळ मिक्सरमध्ये लावली. क्लीन आवाज मेल्यागत आला. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावल्यावर कीबोर्डवाला म्हणाला, "भावा, मधमाश्या सोडल्यास काय?" ॲम्पशिवाय चालतच नाही का?
– एक गिटारवाला, राजारामपुरी

उत्तर : चालतंय की! आणि त्या कीबोर्डवाल्याला एक मिसळ चार, रोग त्यानं बरोबर ओळखलाय.

तुझा समज असा दिसतोय की ॲम्प म्हणजे आवाज मोठा करायची पेटी. मोठा करायला साउंडवाल्याकडं ढीगभर स्पीकर असतात. ॲम्पचं खरं काम निराळं. त्यातला १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्यानं गप्प होतो. डिस्टॉर्शनमुळं वर जी चरचर तयार होते, ती तो चहाच्या गाळणीसारखी अडवतो. पीएच्या, म्हणजे साउंडवाल्याच्या, बॉक्समध्ये हॉर्न (वरच्या आवाजाचा भोंगा) असतो. तो १५ हजारांपर्यंतचं सगळं इमानदारीनं ऐकवतो, चोथ्यासकट. त्याच तुझ्या मधमाश्या.

क्लीन आवाज मेला त्याचं कारण दुसरं. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा सिग्नल नाजूक. त्याला समोर १० लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला असतात १०-२० हजार. एवढा भार पडला की पहिल्यांदा वरची चमक जाते, आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. काही मिक्सरवर एका चॅनेलला गिटारसाठी 'हाय-झी' बटण असतं. ते दाबून चमक परत येईल, पण मधमाश्या राहतीलच.

म्हणून गिटार आणि मिक्सरच्या मध्ये ॲम्पचं सोंग घेणारं काहीतरी हवं. तुझ्याकडं मल्टिइफेक्ट (इफेक्टचा प्रोसेसर) असेल तर त्यात कॅबसिम (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल) शोध आणि चालू कर. आउटपुटची सेटिंगही बघ. ती 'ॲम्प'वर असेल तर बऱ्याच प्रोसेसरमध्ये कॅबसिम बंदच राहतो. 'लाइन' किंवा 'डायरेक्ट' पाहिजे. निम्म्या पोरांची तक्रार इथंच मिटते. तरी चरचर राहिली तर हाय कट (वरचा आवाज कापणारी सेटिंग) ५-६ हजारांवर आण. खाली ८० च्या आसपास लो कट (खालचा आवाज कापणारी) लाव. तुझी जाड तार मोकळी वाजवली तरी ८२ हर्ट्झला बसते, त्याखाली नुसती घुमघुम. ती जागा बेस आणि ढोलकीची.

हे सगळं रात्री हेडफोन लावून ठरवू नकोस. बारीक आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून माणूस तो वाढवत बसतो. मग कार्यालयात त्याचा चिखल होतो. रिव्हर्बही (घुमारा) घरच्यापेक्षा निम्मा ठेव, हॉलचा स्वतःचा असतोच.

आता वायर. केशवराव भोसले नाट्यगृहातली माझी फजिती सांगतो, २०२४ च्या आगीच्या खूप आधीची. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागं होता आणि मी गिटारच्या साध्या वायरी एकाला एक जोडत तिथवर नेल्या. चमक वायरीतच जिरली आणि पोचली ती नुसती गुणगुण. साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढं नेऊ नये. तिथं डीआय बॉक्स (गिटारचा नाजूक सिग्नल लांब जाण्याजोगा करणारी डबी) लावायचा आणि पुढं माइकची एक्सएलआर वायर. ती स्टेजपासून मागच्या भिंतीपर्यंत बिनघोर जाते. डीआय ॲक्टिव्ह असेल तर त्याला बॅटरी किंवा मिक्सरचं ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या वायरीतनंच येणारी वीज) लागतं. फँटम चालू करायच्या आधी तुझा चॅनेल म्यूट करायला सांग, नाहीतर असा ठोका बसतो की नवरदेव दचकतो.

गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून बघ. पण प्लगची तिसरी पिन काढायची नाही! मांडवातले काही वायरमन बिनधास्त सांगतात, "काढ की, हम (गुणगुण) जातोय." हम जातो आणि अर्थिंगही जातं. जनरेटरवरच्या एका मंडळाच्या स्टेजवर माझ्या ओळखीच्या पोराचा हात तारांवर होता, ओठ माइकला लागला आणि ओठाला झिणझिण्या आल्या. पावसानं स्टेज ओलं होतं. थोडक्यात वाचला.

ॲम्प नसल्यावर खरी अडचण मात्र स्वतःला ऐकण्याची. ॲम्प पाठीमागून पोटऱ्यांना धक्के देत होता, आता तिथं काहीच नाही. कार्यक्रमाच्या आधी साउंडवाल्याला चहा पाज आणि म्हण, "दादा, माझ्या मॉनिटरमध्ये गिटार वाढवा, गाणं थोडं." एक मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर) तुझ्या पायाशी, तुझ्याकडं तोंड करून पाहिजे. नाही मिळाला तर तू गिटार जोरात खाजवत सुटशील आणि सगळं बेसूर वाटेल. ॲम्पमध्ये मिळायचा तो लांबत जाणारा सस्टेनही कमी येईल, कारण तारांना हलवणारा स्पीकर जवळ नाही. आठ-दहा कार्यक्रमांत हात सरावतो.

प्रश्न : माझ्या अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप आहे. ती सरळ मिक्सरला लावली तर चालेल का? शाहू स्मारकमध्ये वाजवताना ती मध्येच हुंकार देते.
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : बाजूला आवाजाची बटणं आणि ९ व्होल्टची बॅटरी असेल तर आत प्रीॲम्प आहे, सरळ लावा. मिक्सर लांब असेल तर डीआय. हुंकारासाठी भोकाला रबरी झाकण बसवा, मॉनिटरपासून जरा तिरपे बसा आणि मिक्सरवर १०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करून घ्या. गिटारवर फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असलं तर तेही दाबून बघा. आणि वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा. तो आत राहिला की बॅटरी रात्रभर चालू राहते आणि नेमकी दुसऱ्या गाण्याला मान टाकते.