काही बिघडले नाही, याचा आकडा कसा दाखवायचा?

पुण्यात कामाच्या ताणाविषयी समुपदेशन करताना सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप सांभाळणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: “मॅडम, आमचे काम नीट चालले की कोणाच्या लक्षात येत नाही आणि बंद पडले की सगळ्यांच्या लक्षात येते. मग अप्रेझलला आम्ही मोजून दाखवायचे तरी काय?” प्रश्न व्यवस्थापनाचा दिसतो, पण तो घेऊन येणाऱ्या माणसाची झोप उडालेली असते, घरी चिडचिड होत असते आणि आपण कामात कमी पडतो आहोत ही भावना मनात घट्ट बसलेली असते. म्हणून ‘साहेबांशी बोलून घ्या’ एवढ्यावर तो मिटवता येत नाही. अशाच एका इन्फ्रा टीमच्या (म्हणजे सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्या गटाच्या) प्रमुख असलेल्या बाईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या आल्या तेव्हा उशाशी फोन ठेवून झोपत होत्या आणि मेसेजचा नुसता आवाज झाला तरी छातीत धडधडत असे. डॉक्टरांकडे तपासणी आधीच झाली होती आणि तिच्यात काही निघाले नव्हते. त्यांनी सोबत टीमच्या वार्षिक उद्दिष्टांची एक्सेल शीट आणली होती. तिच्यात ‘१०० टक्के अपटाइम’ (म्हणजे सेवा एक क्षणही बंद न पडणे), ‘शून्य पी-वन इन्सिडेंट’ (पी-वन म्हणजे सर्वांत गंभीर दर्जाचा बिघाड), ‘रोजचा बॅकअप १०० टक्के यशस्वी’ आणि ‘मार्चअखेर सर्व सर्व्हर अपग्रेड’ अशा चार ओळी होत्या आणि जवळजवळ सगळे रकाने हिरवे होते. शीट हिरवी आणि माणूस असा खचलेला, ही विसंगती मला महत्त्वाची वाटली.

खोदून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. ग्राहकांचे पेमेंट काही काळ अडले होते, म्हणजे तो उघडउघड पी-वन होता. पण टीममधील एका तरुणाने तो पी-टू, म्हणजे त्याहून कमी गंभीर, म्हणून नोंदवला आणि बाईंनी ते पाहूनही काही म्हटले नाही. “तो खोटे बोलला असे मला वाटत नाही. शून्य लिहिले आहे, म्हणून त्याने शून्य ठेवले,” असे त्या म्हणाल्या. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हेच निरीक्षण मांडले होते: नियंत्रणासाठी एखाद्या मापावर दाब दिला की ते माप विश्वासार्ह राहत नाही. त्या तरुणाला रागावून काही साधणार नव्हते. बदलायला हवे होते ते उद्दिष्ट.

आम्ही प्रत्येक ओळ घेऊन एकच प्रश्न विचारू लागलो: यातील कोणता भाग टीमच्या हातात आहे आणि कोणता नाही? क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर बंद पडणे हातात नव्हते. ते बंद पडल्यावर दुसऱ्या ठिकाणाहून सेवा किती वेळात सुरू होते, हे बऱ्याच अंशी हातात होते. हातात नसलेल्या गोष्टीचा आकडा स्वतःच्या नावावर घेतला की माणूस सतत धास्तावलेला राहतो. बाईंच्या धडधडीचा मोठा भाग मला तेथेच दिसला.

शंभर टक्क्यांच्या ओळीला साधा हिशेब उपयोगी पडला. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे त्यांपैकी सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा आणि ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटे. गूगलमध्ये २००३ साली सुरू झालेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंगच्या कार्यपद्धतीत या मुभेला एरर बजेट म्हणतात. बजेट शिल्लक असेपर्यंत नवे बदल करायचे आणि ते संपले की बदल थांबवून दुरुस्तीकडे वळायचे, असा तो करार असतो. बाईंना हे तंत्र ठाऊक होते, पण ते आपल्यासाठी मागता येते असे वाटत नव्हते. मग साहेबांशी काय बोलायचे याचा आम्ही सराव केला. “सर, १०० टक्के मान्य केले तर एक तर मला काहीच बदलता येणार नाही, नाही तर नोंदी झाकाव्या लागतील. ९९.९ ठरवू या, आणि ती ४३ मिनिटे संपली तर काय थांबवायचे तेही आजच ठरवू या.” साहेबांनी आधी नकार दिला. ग्राहकाशी झालेला करार काढून पाहिला, तर त्यात ९९.५ टक्क्यांचेच वचन होते. त्यानंतर ते तयार झाले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘आधी मोजा’ या पायरीवर. नवीन उद्दिष्ट ठरवण्याआधी महिनाभर काहीही सुधारू नका, फक्त नोंद ठेवा, असे मी सुचवले तेव्हा महिना वाया गेला असे म्हणतील, अशी त्यांना भीती वाटली. पण आज किती आहे हे माहीत नसताना ‘५० टक्के कमी करू’ असे लिहिणे निरर्थक असते. यंत्रणेकडून रात्री फोनवर येणाऱ्या प्रत्येक अलार्मपुढे ‘उठून काही करावे लागले का?’ एवढेच हो किंवा नाही लिहायचे ठरले. निम्म्याहून अधिक अलार्मपुढे ‘नाही’ आले. एक अलार्म तर अशा टेस्ट सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा होता, ज्याचे लॉग (कामाच्या नोंदींच्या फाइली) पहाटे आपोआप साफ होत असत. त्यासाठी कोणी ना कोणी रोज झोपेतून उठत होते. ‘रात्री वाजलेल्या अलार्मपैकी खरोखर काही करावे लागलेले किती?’ हे माप त्यातूनच आले. माझ्या मते ते सगळ्यांत चांगले होते, कारण ते सुधारले की यंत्रणा आणि माणूस दोघांनाही फायदा होणार होता.

बॅकअपच्या ओळीने मात्र सर्वांना हादरवले. हिरवी खूण एवढेच सांगत होती की रोज फाइल तयार होते. तिच्यातून डेटाबेस परत उभा राहतो की नाही, हे कोणी पाहिले नव्हते. प्रत्यक्ष करून पाहिल्यावर नऊ तासांहून अधिक वेळ लागला, कारण फाइल उघडण्याची डिजिटल किल्ली रजेवर असलेल्या एका सहकाऱ्याकडेच होती. मग उद्दिष्ट असे लिहिले गेले: दर तिमाहीत एकदा बॅकअपमधून मुख्य डेटाबेस परत उभा करून पाहायचा आणि तो ४ तासांच्या आत उभा राहिला पाहिजे.

अपग्रेडची मार्चची मुदत काही बदलली नाही. ज्या विभागाच्या जुन्या ॲप्लिकेशनमुळे काम अडले होते, त्याच्याकडून सेवा बंद ठेवण्याची परवानगी मिळवणे एवढी जबाबदारी साहेबांनी स्वतःच्या नावावर घेतली.

आढावा दर सोमवारी २० मिनिटांचा ठरला. चुकीची नोंद झाली की ‘कोणी केले?’ असे विचारायचे नाही, ‘कोणत्या पायरीवर झाले?’ असे विचारायचे, हा नियम बाईंनी स्वतः घातला. आकडे पगारवाढीशी थेट जोडू नयेत, असाही त्यांचा आग्रह होता. इंटेलमध्ये उद्दिष्टे आणि मोजता येणारे निकाल यांची पद्धत रुजवणाऱ्या अँडी ग्रोव्ह यांचेही म्हणणे होते की उद्दिष्टांचा कागद कामगिरीच्या मूल्यमापनाचा एकमेव आधार असू नये. कंपनीने ते पूर्ण मान्य केले नाही. पहिल्या दोन तिमाहींपुरते मान्य केले.

अशा बदलानंतर एक अवघड टप्पा येतो आणि त्याची कल्पना मी आधीच द्यायला हवी असे मानते. नोंदी प्रामाणिक होताच आकडे वाईट दिसू लागतात. त्या तिमाहीत पी-वनची संख्या वाढली आणि बाई पुन्हा घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या. या वेळी आम्ही मिळून अहवालातले एकच वाक्य घडवले: ‘नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे मागील तिमाहीशी तुलना करू नये, ही तिमाही पुढील तुलनेचा पाया आहे.’ पुढच्या चाचणीत डेटाबेस ६ तासांत उभा राहिला. त्यांनी रकाना लाल केला, ६ लिहिले, किल्लीचा प्रश्न सुटल्याची आणि नेटवर्कचा वेग कमी पडल्याची नोंद खाली केली आणि पुढील तिमाहीचे उद्दिष्ट ४ तासच ठेवले. फोन अजून खोलीतच असतो, पण तो आता उशाशी नसतो आणि आठवड्याआड रात्रीच्या अलार्मची पाळी दुसऱ्या सहकाऱ्याकडे असते.